मुंबईत रॉक कॉन्सर्टला जाताय? या चुका टाळा

महालक्ष्मीचं रेसकोर्स, बीकेसीचं मैदान, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. मुंबई परिसरातले मोठे रॉक शो बहुतेक इथेच होतात. काही हजारांचं तिकीट काढूनही अनेकजण 'आवाजच धड नव्हता' म्हणत घरी परततात. त्यात बँडचा दोष क्वचितच असतो. कुठे उभे राहिलात, कानांचं काय केलंत आणि किती वाजता पोहोचलात, या तीन गोष्टींवर शो तरतो किंवा बुडतो.

'मेन बँड नऊशिवाय येतोय कुठे!'

येतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावे लागतात. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. रुग्णालयं, शाळा, न्यायालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर नियम आणखी कडक आहेत. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव वर्षानुवर्षं जिथे गाजला, ते धोबीतलावचं खुलं नाट्यगृह रंगभवन रॉकसाठी बंद झालं, ते याच शांतता क्षेत्रामुळे.

म्हणून हिशोब १० पासून उलटा करा. मुख्य बँडचा सेट दीड ते दोन तासांचा, म्हणजे तो ८ च्या आसपास सुरू होणार. त्याआधी तपासणीच्या रांगेला पाऊण तास आणि आतलं चालणं पंधरा-वीस मिनिटं धरा. ६ वाजता गेटवर असाल तर घाई होत नाही आणि आधीचा बँडही ऐकायला मिळतो. तो पुष्कळदा आपल्याच शहरातला असतो आणि त्याला त्या अर्ध्या तासात समोर माणसं हवी असतात.

सगळ्यात पुढे उभं राहिलं की सगळ्यात छान ऐकू येतं, हा समज

बॅरिकेडला टेकून उभं राहण्यात मजा आहेच, गायक दहा हातांवर असतो. पण ऐकायला ती जागा वाईट. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही अंगांना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मधल्या व मागच्या गर्दीकडे असतो. पुढच्या रांगेला ऐकू येतात ते ड्रम, गिटारचे अँप आणि जमिनीवरचे बेसचे स्पीकर. गायकाचा आवाज डोक्यावरून निघून जातो. स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवून ही उणीव भरायचा प्रयत्न होतो, पण ती पुरती भरत नाही.

चांगली जागा शोधायची तर साउंड इंजिनिअरचं कन्सोल, म्हणजे आवाज जुळवायचं टेबल, कुठे आहे ते पाहा. मैदानाच्या मध्यरेषेवर तंबूसारखा एक उंचवटा असतो, तोच. तो माणूस तिथे जे ऐकतो त्यावरच गाणं आणि वाद्यांचा सगळा मेळ, म्हणजे मिक्स, बेततो. त्याच्या पुढे पाच-दहा पावलांवर, शक्य तितकं मध्याला उभे राहा. नेमकं मागे उभे राहिलात तर तंबू स्टेज झाकतो.

तरीही आवाज बिघडला, तर काय बिघडलंय ते आधी ओळखा:

- बेस पोकळ वाटतो किंवा नुसताच घुमतो. डाव्या-उजव्या बेस स्पीकरच्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात, काही ठिकाणी दुप्पट करतात. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास असते, त्यामुळे तीन-चार मीटर सरकलं तरी फरक कळतो. पोकळ वाटत असेल तर मध्याकडे सरका, घुमत असेल तर मध्यापासून थोडं बाजूला.
- प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. आवाजाला १०० मीटर कापायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. म्हणून मागच्या मनोऱ्यांवरचे स्पीकर मुद्दाम उशिरा वाजवतात. तुम्ही मनोऱ्याच्या बाजूला किंवा त्याच्या पुढे असाल तर हा मेळ चुकतो. मनोऱ्याच्या मागे, म्हणजे स्टेजपासून लांबच्या बाजूला, त्याच्या स्पीकरच्या तोंडासमोर या.
- आवाज येतो-जातो. हे वाऱ्यामुळे होतं आणि लांब उभ्या असलेल्यांनाच जाणवतं. पुढे जाणं हाच उपाय.
- स्टेडियममध्ये सगळं गढूळ. वरच्या गॅलरीत छत आणि मागची भिंत आवाज परतवतात. तिकीट काढतानाच बाजूच्या ब्लॉकऐवजी स्टेजसमोरचा ब्लॉक बघा.

कानात काहीच न घालणं, किंवा कापूस घालणं

८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कानांसाठीची सर्वसाधारण मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि रॉक शोच्या पुढच्या भागात १०० सहज ओलांडले जातात. कापूस किंवा टिश्यूने जवळजवळ काहीच अडत नाही.

फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात, पण बहुतेकजण ते चुकीचे घालतात. स्वच्छ, कोरड्या बोटांनी प्लग वळून अगदी बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुलेपर्यंत, तीसेक सेकंद, बोटाने धरून ठेवा. अर्धा प्लग बाहेर दिसत असेल तर तो बसलेला नाही. गाताना स्वतःचाच आवाज डोक्यात घुमत असेल तरी बहुधा तेच कारण.

फोमची अडचण अशी की तो वरच्या पट्टीचे सूर जास्त खातो. झांजा आणि शब्द बोथट होतात, मग लोक दुसऱ्याच गाण्याला प्लग काढून टाकतात. वर्षातून तीन-चार शो पाहत असाल तर फिल्टरवाले, संगीतासाठीचे प्लग घ्या. ते सगळेच सूर जवळपास सारखे उतरवतात, त्यामुळे मिक्स तसाच राहतो आणि आवाज फक्त कमी होतो. लहान मूल सोबत असेल तर त्याला कानांवर बसणारे इअरमफ हवेतच.

शोनंतर कानात शीळ वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी हेडफोन लावू नका. दोन दिवसांत थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र त्याच दिवशी जा, कारण या त्रासावर उपचार जितके लवकर तितका उपयोग जास्त.

पिटमध्ये चप्पल घालून

पिट म्हणजे स्टेजसमोर उड्या मारत एकमेकांना धडकणाऱ्यांचा घोळका. तिथे घोट्यापर्यंतचे बूट, लेसला दुहेरी गाठ, फोन चेनच्या खिशात, चष्म्याला दोरी. कोणी पडलं तर आधी त्याला उचलायचं, हा पिटचा पहिला नियम आहे आणि तो पाळणारे लोकच पिट सुरक्षित ठेवतात. दमलात तर कडेला या, मध्येच थांबू नका.

पिट वेगळं आणि चेंगराचेंगरी वेगळी. हात वर करायला जागा उरली नाही, गर्दी लाटेसारखी हलू लागली आणि तुमचे पाय तुमच्या मनाने पडेनासे झाले, की तिथून निघायची वेळ झाली. हात छातीसमोर बॉक्सरसारखे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेला उलटा रेटा देऊ नका. ती ओसरली की दोन पावलं तिरकं, कडेच्या दिशेने सरका. खाली पडलेला फोन उचलायला वाकू नका.

तिकीट, पट्टा, फोन

क्यूआर कोड घरूनच उघडून ठेवा, गेटवर हजारो फोन एकाच टॉवरवर असतात. काही तिकिटांचा कोड दर थोड्या वेळाने बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून तिकिटावरची सूचना वाचा. अनोळखी माणसाकडून कोडचा फोटो विकत घेऊ नका. तोच फोटो त्याने दहाजणांना विकलेला असू शकतो आणि आत जातो तो पहिला. प्रवेशासाठी बांधतात तो मनगटाचा पट्टा एकदा आवळला की सैल होत नाही. एक बोट आत ठेवून आवळा.

व्हिडिओत गायकाचा चेहरा पांढराफटक येतो, कारण फोन अंधार पाहून उजेड वाढवतो. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि ब्राइटनेस खाली ओढा. खालचा माइक तळहाताने झाकला जात नाही ना ते बघा. एक गाणं घ्या आणि फोन खिशात टाका, मागच्यालाही स्टेज दिसायला हवं.

बिअरसाठी महाराष्ट्रात वय २१ लागतं, कडक दारूसाठी २५, आणि काउंटरवर मूळ ओळखपत्र मागतात. दोन ग्लासांमध्ये एक ग्लास पाणी प्या. मुंबईच्या दमटपणात गर्दीत भोवळ येते ती बहुधा पाणी कमी पडल्यामुळे.

परतीचं नंतर बघू

शेवटच्या गाण्यानंतर गेटबाहेर कॅब शोधणाऱ्याला वाढीव भाडंही पडतं आणि गाडीही पोहोचत नाही. रेसकोर्सहून महालक्ष्मी स्टेशन आणि डी. वाय. पाटीलहून नेरूळ स्टेशन चालत गाठता येतं. लोकलचं परतीचं तिकीट जातानाच काढा आणि आपल्या दिशेच्या शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच ठरवा. 'स्टेजच्या डावीकडे' असं नको. अमुक नंबरचं गेट, त्याच्या बाहेरचा पहिला दिव्याचा खांब, सव्वादहा वाजता, इतकं नेमकं ठरवा, कारण त्या वेळी फोन लागत नाही.