चिबड कोपऱ्यात पेपरबार्क : जून ते नोव्हेंबरचा लागवड सल्ला
(मेलबर्नचा आग्नेय पट्टा आणि वेस्ट गिप्सलँड)

पॅकनम, क्लाइड, कू-वी-रप, लँग लँग या भागात पाच-दहा एकर घेऊन राहिलेल्या मराठी मंडळींचा जून लागला की एक प्रश्न ठरलेला असतो. पॅडॉकचा (कुंपणातल्या कुरणाचा) खालचा कोपरा चिबडलाय, गुरांचे पाय घोट्यापर्यंत रुततात, गवत मरून नुसते लव्हाळे माजले आहे. चर खणून पाणी काढून द्यावे का?

चर खणण्याआधी त्या कोपऱ्यात पूर्वी काय उगवत होते ते पाहा. कू-वी-रपची दलदल एकेकाळी सुमारे 40,000 हेक्टर पसरलेली होती आणि तिच्यावर माणूस शिरू शकणार नाही इतकी दाट पेपरबार्क या कागदी सालीच्या झाडाची जाळी होती. ही बुनुरोंग या मूळ रहिवासी लोकांची भूमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कार्लो कातानी या अभियंत्याच्या देखरेखीखाली मोठमोठे चर काढून ती कोरडी करण्यात आली आणि आज त्याच काळ्या मातीत अ‍ॅस्परॅगस पिकतो. पण पाणी आपली वाट विसरत नाही. 1934 च्या डिसेंबरात कू-वी-रप गावात पूर शिरला तो याच सखल जमिनीवरून. म्हणून ज्या कोपऱ्यात दरवर्षी पाणी येतेच, तिथे पाण्याशी भांडण्यापेक्षा त्या पाण्यात जगणारे झाड लावणे शहाणपणाचे, असे माझे ठाम मत आहे.

ते झाड म्हणजे स्वॅम्प पेपरबार्क, शास्त्रीय नाव मेलाल्युका एरिसिफोलिया. न्यू साउथ वेल्सचा किनारा, व्हिक्टोरिया आणि टास्मानियाचा उत्तर भाग हे त्याचे मूळ घर. उंची साधारण 3 ते 6 मीटर, चांगल्या जागी 9 मीटरपर्यंत. पाने बारीक, सुईसारखी अरुंद, पण बोचत नाहीत. साल पांढुरकी, कागदाच्या थरांसारखी सुटणारी. वसंतात फांद्यांच्या टोकांना मलईच्या रंगाचे छोटे तुरे येतात आणि मधमाश्यांची झुंबड उडते. जांभूळ, पेरू, लवंग यांच्याच कुळातले हे झाड. सर्दीला छातीवर चोळतात ते कायापुटीचे तेल याच्या उत्तरेकडच्या भावंडापासून निघते.

जूनमध्ये की सप्टेंबरमध्ये?

आपल्या हाडात मृगाचा पाऊस मुरलेला. जून आला, पाऊस पडला की रोप लावायला हात शिवशिवतात. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, तेव्हा आधी जागा तपासा. कुदळीने हातभर खोल खड्डा काढा आणि तासाभराने परत येऊन बघा. तळाशी नुसती ओल असेल, माती मुठीत दाबल्यावर गोळा होऊन टिकत असेल, तर ती जागा आत्ता, जून-जुलैमध्ये लावायला योग्य. खड्ड्यात पाणी साचले असेल आणि मातीला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर थांबा. तिथे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, पाणी ओसरायला लागल्यावर लावा.

पेपरबार्कला पाणी आवडते ना, मग थांबायचे कशाला, असे बरेच जण विचारतात. मोठ्या झाडाला आवडते, वीतभर रोपाला नाही. थंड, साचलेल्या पाण्यात हवा नसते, मुळे वाढत नाहीत, वरून दहिवर गोठते आणि रोप नुसते उभे राहून कुजते. पाने पूर्ण बुडाली तर आणखी वाईट. गिप्सलँड लेक्सच्या काठी डाउड मोरास नावाची पाणथळ आहे. तिथे पाणी वर्षानुवर्षे उतरलेच नाही, तेव्हा जुनी झाडे टिकली, पण नवी रोपे उगवेनाशी झाली. जी झाडे तग धरून आहेत, त्यांची बुडखे मातीच्या लहान उंचवट्यांवर आहेत. हा धडा आपण थेट वापरू शकतो. फार ओल्या जागी खड्डा करू नका. फावड्याने माती ओढून 15 ते 20 सेंटिमीटर उंच, परातीएवढा उंचवटा करा आणि रोप त्याच्या माथ्यावर लावा. मुळे खाली पाण्यापर्यंत आपोआप जातात.

लागवड

मोठ्या कुंडीतले झाड घेऊ नका. फॉरेस्ट्री ट्यूबमधले (अरुंद, खोल नळीतले) वीतभर रोप स्वस्त पडते, लवकर रुजते आणि दोन वर्षांत मोठ्या कुंडीतल्या झाडाला गाठते. ट्यूब उलटी करून रोप बाहेर काढा आणि मुळे बघा. तळाशी मुळांचे वेटोळे झाले असेल तर ते बोटांनी मोकळे करा, नाहीतर तळाचा सेंटिमीटरभर भाग कापून टाका. लावण्याआधी सगळा ट्रे बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.

भोवतीचे गवत मीटरभर घेरात आधीच काढलेले हवे. किकुयू आणि फॅलारिस ही दोन गवते पेपरबार्कची खरी शत्रू आहेत. पाण्याची कमतरता सोसलेली रोपे मी सावरलेली पाहिली आहेत, किकुयूखाली गाडली गेलेली नाहीत. तणनाशक वापरायचेच असेल तर पाण्याजवळ वापरायला नोंदणी असलेलेच घ्या, कारण साधी तणनाशके बेडकांना घातक ठरू शकतात. शेणखत घालण्याचा मोह टाळा. ताज्या खताने लुसलुशीत पाला येतो, तो दहिवराने आणि किडीने जातो, आणि तण दुप्पट जोमाने वाढते ते वेगळेच.

दाट जाळी हवी असेल तर दीड ते दोन मीटरवर, वाऱ्याचा आडोसा म्हणून लावायचे असेल तर अडीच-तीन मीटरवर. मधल्या जागा रिकाम्या दिसतात म्हणून कोंबाकोंबी करू नका. हे झाड मुळांपासून फुटवे काढते आणि काही वर्षांत स्वतःच जागा भरून काढते.

प्रत्येक रोपाला कॉरफ्लूटचे (पन्हळी प्लॅस्टिकचे) गार्ड आणि खुंट्या हव्यातच. ससे आणि हेअर (मोठे रानससे) एका रात्रीत ओळच्या ओळ कुरतडून जातात. गुरे असतील तर आधी कुंपण, मग रोप. गार्ड गाईला अडवत नाही.

कुठे लावू नये

हा भाग कृपा करून नीट वाचा.

शेततळ्याच्या बांधावर लावू नका. मुळे बांधात शिरतात, आणि झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या वाटेने तळे झिरपायला लागते. तळ्यात पाणी जिथून येते ते टोक उत्तम. तिथे पेपरबार्क आणि खाली लव्हाळे असले की गाळ आणि शेणाचे पाणी गाळून आत जाते.

सांडपाण्याची पाइप, सेप्टिक टँक आणि घराचा पाया यांपासून लांब ठेवा. माझा हिशेब निदान 6 मीटरचा, जागा असेल तर अधिक. ओलावा शोधणारी मुळे पाइपचा बारीकसा सांधाही सोडत नाहीत.

घराला खेटून दाट जाळी नको. कागदी साल आणि पानांतले तेल दोन्ही लवकर पेटते. तुमची जमीन वणव्याच्या धोक्याच्या नकाशात असेल तर कंट्री फायर अथॉरिटीचे लागवडीचे मार्गदर्शन आधी पाहा.

आणि तुमच्या जागेत जुनी जाळी आधीपासून असेल, तर ती साफ करायला यंत्र लावू नका. व्हिक्टोरियात 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवरची मूळची देशी झाडी काढायला सहसा कौन्सिलची परवानगी लागते. सरकारी अनुदानातून लावलेली झाडेही अशीच संरक्षित असू शकतात. ओढ्याच्या पात्रात काम करायचे असेल तर पाणी खात्याला आधी विचारा.

वसंत आणि पहिला उन्हाळा

सप्टेंबरपासून वाढ सुरू होते. ऑक्टोबरात गार्डमध्ये डोकावून तण उपटा. याच दिवसांत पाणथळीच्या काठी टायगर स्नेक आणि कॉपरहेड हे विषारी साप बाहेर पडतात. तेव्हा बूट आणि जाड पँट घालूनच जा, आणि गार्डमध्ये हात घालण्याआधी काठीने हलवा. मुलांना सोबत नेत असाल तर हे त्यांनाही समजावून सांगा.

ओल्या जागी लावले म्हणून पाणी द्यायला नको, हा समज पहिल्या उन्हाळ्यात रोपे मारतो. हिवाळ्यात तळे झालेला कोपरा फेब्रुवारीत भेगाळतो, आणि रोपाची मुळे अजून वरच्या थरातच असतात. डिसेंबर ते मार्च पाऊस नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येक रोपाला बादलीभर पाणी द्या, उष्णतेच्या लाटेआधी आवर्जून. बुंध्याला न भिडवता चार बोटे जाडीचे आच्छादन करा. पूर येणाऱ्या जागी मात्र आच्छादन वाहून जाते, तिथे खर्च करू नका. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर झाडाला तुमची गरज उरत नाही.

पाने कोणी खाल्लेली दिसली तर आधी अळी बघा. फांदीवर घोळक्याने बसलेल्या सॉफ्लाय या किड्याच्या अळ्या असतील तर फांदी हलवून बादलीत पाडा. पाने जाळ्यात गुंडाळलेली असतील तर तेवढा शेंडा कापून टाका. फवारणीची गरज क्वचित पडते, आणि फुलोऱ्यात तर फवारूच नका. कोवळ्या शेंड्यावर पिवळी धमक भुकटी दिसली तर मात्र गंभीर व्हा. हा मर्टल रस्ट, 2010 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये आणि 2011 मध्ये व्हिक्टोरियात आढळलेला बुरशीजन्य रोग. याच कुळातल्या झाडांना तो धरतो. हात लावू नका, फांदी हलवू नका, फोटो काढून कृषी विभागाला कळवा आणि ते कपडे घालून दुसऱ्या झाडांकडे जाऊ नका.

झाड बुटके आणि दाट हवे असेल तर फुले संपल्यावर, नोव्हेंबरअखेर शेंडे खुडा. साल मात्र सोलू नका. मुले हौसेने ओढतात, पण तीच खोडाचे पांघरूण आहे.

बी

स्वतःच्या झाडावरून बी घेणे सोपे आहे. फांदीला घट्ट चिकटलेल्या राखाडी-तपकिरी, कठीण बोंडांचे झुपके शोधा. ते जुन्या लाकडावर, पाल्याच्या खालच्या बाजूला असतात. हिरवी, कोवळी बोंडे नकोत. डहाळी कापून कागदी पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. काही दिवसांत बोंडे उघडतात आणि पिशवीच्या तळाशी तपकिरी भुकटी साठते. त्यातला बराच भाग फोलपट असतो, पण वेगळे करत बसू नका, सगळेच पेरा. वर माती टाकू नका. कुंडी दोन बोटे पाण्याच्या ताटलीत ठेवून खालूनच ओल द्या, वरून पाणी ओतले तर बी वाहून जाते. सार्वजनिक जागेवरून बी गोळा करायला परवाना लागतो.

काही जण हे बी सांगली-शिरोळच्या क्षारपड जमिनीसाठी गावी न्यायचे म्हणतात. नेऊ नका. याच्या थोरल्या भावाला, रुंद पानांच्या पेपरबार्कला, अमेरिकेत फ्लोरिडात नेले आणि त्याने एव्हरग्लेड्सच्या पाणथळी व्यापून टाकल्या. ते आवरायला तिथे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातून भुंगा नेऊन सोडावा लागला. आपल्याकडच्या नदीकाठासाठी निवर, वाळुंज, करंज आहेत.

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट, विंडमच्या बाजूच्या मंडळींसाठी एक वेगळी सूचना. तुमची जमीन लाव्हाची, आपल्या काळ्या मातीसारखी उन्हाळ्यात भेगाळणारी, आणि पाऊसही कमी. तिथे पाणथळ नसेल तर याच वंशातला मूना लावा, तो कोरड्याला जास्त टिकतो.

रोपे स्थानिक देशी झाडांच्या रोपवाटिकेतूनच घ्या आणि बी कुठल्या भागातले आहे ते विचारा. या रोपवाटिका बहुधा मागणीनुसार रोपे तयार करतात. सप्टेंबरला शंभर रोपे हवी असतील तर नोंदणी आत्ताच करा, आणि जवळच्या लँडकेअर गटाला (जमिनीची निगा राखणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांना) फोन करा. कुंपणाच्या खर्चासाठी अनुदान चालू आहे का ते त्यांना माहीत असते, मात्र अर्ज कुंपण घालण्याआधी करायचा असतो.