ऑनलाइन आर्ट प्रिंट घेताय? या चुका टाळा

स्क्रीनवर आवडतं ते चित्र, घरी येतो तो कागद. प्रिंट मागवून पस्तावलेल्या बहुतेकांची गडबड इथेच झालेली असते. चित्र झूम करकरून पाहिलेलं असतं, पण कागद कुठला, शाई कुठली, छापलं कुणी, यातलं एकही विचारलेलं नसतं.

शोध सुरू करतानाच चूक

सर्चमध्ये ‘लिव्हिंग रूम वॉल पेंटिंग’ टाकलंत की सात घोडे धावत येणारच. मागोमाग ध्यानस्थ बुद्ध आणि सोनेरी पानं. ही सजावटीची बाजारपेठ आहे, सोफ्याला मॅच होणारा माल विकते. तिची गंमत तिला. पण आज काम करणारे चित्रकार हवे असतील तर शोधाचे शब्द बदला. माध्यमाच्या, म्हणजे छापण्याच्या पद्धतीच्या, नावाने शोधा: लिनोकट, वुडकट, एचिंग, सेरिग्राफ, सायनोटाइप. किंवा कॉलेजच्या नावाने. मुंबईचं जे. जे., बडोद्याची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स, शांतिनिकेतनचं कला भवन, गोवा कॉलेज ऑफ आर्ट, यांच्या वार्षिक प्रदर्शनांचे फोटो विद्यार्थी स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकत असतात. एक आवडला की तो कुणाला फॉलो करतो ते पाहा. आठवडाभरात तुमच्या फीडचा नूर पालटतो. कोची बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनातल्या स्टुडंट्स बिएनालेची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या विभागाची, यादी चाळली तरी पुष्कळ नवी नावं हाती लागतात. छापचित्र करणारे तरुण कलाकार मेसेज केला तर बहुधा थेट विकतात, आणि कागद कुठला हेही न कंटाळता सांगतात.

फोटोग्राफीत वेगळीच चूक होते. मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त कुणाचाही चांगला येतो, त्यामुळे एका फोटोवर भाळून निर्णय घेऊ नका. त्या माणसाची अख्खी मालिका पाहा. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम एकेक फोटो सुटा बघून कळत नाही. सलग पाहिलं की या माणसाची नजर कुठे थांबते ते समजायला लागतं. मग प्रिंट निवडणं सोपं जातं.

‘ओरिजिनल’ या शब्दावर विश्वास

साडेसहाशे रुपयांत चित्रकार एस. एच. रझांचा प्रसिद्ध ‘बिंदू’ मिळत असेल तर तो कुणीतरी परस्पर छापलाय असं खुशाल समजा. भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. रझा 2016 मध्ये गेले, चित्रकार वासुदेव गायतोंडे 2001 मध्ये. त्यांची चित्रं छापायला परवानगी लागते. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, अमृता शेरगिल 1941 मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांची चित्रं कुणीही छापू शकतो. तिथे प्रश्न कायद्याचा राहत नाही, मूळ स्कॅन किती चांगला याचा राहतो.

रविवर्म्यांवरून आठवलं, ‘शंभर वर्षं जुना अस्सल ओलिओग्राफ, मळवली प्रेस’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत शिळाछाप, आणि मळवलीला रविवर्म्यांचा छापखाना होता. विक्रेत्याकडे चेहऱ्याच्या भागाचा अगदी जवळून काढलेला फोटो मागा. जुना शिळाछाप असेल तर हाताने दिलेले वेडेवाकडे, लहानमोठे ठिपके दिसतात. ऑफसेटच्या नकलेत ठिपके शिस्तीत, फुलासारख्या गोल रचनेत बसलेले असतात. इंकजेट असेल तर बारीक फवारा मारल्यासारखं दिसतं. फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच संपवा.

वारलीच्या नावाखाली तर फारच लूट चालते. तारपा नृत्याची रेडिमेड डिजिटल आकृती उचलायची, तपकिरी पार्श्वभूमी लावायची, झालं ‘ट्रायबल आर्ट’. जिव्या सोमा मशे यांनी ज्या कलेला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेलं, तिच्यात आजही डहाणू-जव्हार भागातले कितीतरी जण काम करतात. प्रिंटवर चित्रकाराचं नाव नसेल तर घेऊ नका, एवढा एकच नियम पुरे.

लिमिटेड एडिशन, पण किती?

प्रिंटच्या खाली पेन्सिलने 12/50 लिहिलं असेल तर एकूण पन्नासांतली ती बारावी प्रत. नुसतं ‘लिमिटेड’ लिहून आकडा दिला नसेल तर त्या शब्दाला काडीची किंमत नाही. हेच चित्र दुसऱ्या साइजमध्ये वेगळी एडिशन म्हणून विकलं जातंय का, हेही विचारा. सही चित्राबरोबरच छापलेली असेल तर ती सही धरायची नाही. ओपन एडिशन, म्हणजे प्रतींवर मर्यादा नसलेली, घेण्यात मात्र कमीपणा काही नाही. स्वस्त असते, आणि भिंतीला आकडा वाचता येत नाही.

साइज आणि पिक्सेल

सोफ्यावर लटकवलेलं मॉकअप, म्हणजे खोलीच्या फोटोत चिकटवलेलं चित्र, पाहून साइज ठरवू नका. त्यात A3 सुद्धा दाराएवढं दाखवतात. A3 म्हणजे साधारण पावणेबारा बाय साडेसोळा इंच. त्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस येताजाता बघा.

डिजिटल फाइल विकत घेऊन स्वतः छापणार असाल तर A3 साठी सुमारे 3500 बाय 4960 पिक्सेल लागतात. इन्स्टाग्रामवरून उतरवलेली 1080 पिक्सेलची इमेज जेमतेम साडेतीन इंच रुंद नीट छापली जाते.

फ्रेमवाल्याकडे होणारं नुकसान

चांगला प्रिंट वाया जातो तो बहुतेक इथे. नेहमीच्या फ्रेमवाल्याला नुसतं ‘फ्रेम करा’ म्हणालात तर तो प्रिंट फेविकॉलने हार्डबोर्डवर चिकटवेल, वर लॅमिनेशनही सुचवेल. देवाच्या फोटोला ते चालतं. तीनशे जीएसएमच्या, म्हणजे जाडजूड, कॉटन कागदावर पिगमेंट शाईने छापलेल्या प्रिंटचा मात्र त्यात निकाल लागतो. एकदा चिकटला की परत सुटत नाही. स्पष्ट सांगा: चिकटवायचा नाही, अ‍ॅसिड-फ्री माउंट (प्रिंटभोवतीचा आम्लरहित पुठ्ठा) हवा, वरच्या कडेला फक्त दोन कागदी पट्ट्यांवर टांगायचा, आणि काच प्रिंटला टेकता कामा नये. सेलोटेप अजिबात नको, वर्षा-दोन वर्षांत पिवळा डाग उमटतो. फ्रेम प्रिंटपेक्षा महाग पडू शकते, तेव्हा हिशेब आधीच करून ठेवा. A4, A3, 12 बाय 18 अशी चालू मापं घेतली तर तयार फ्रेमवर भागतं.

कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. तिथे लावूच नका. लावायचंच झालं तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहते.

आल्यावर काहीतरी बिघडलंय

रंग काळपट वाटतात? मोबाइलची स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो. आधी दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहा. पिवळ्या बल्बखाली कुठलाच प्रिंट खरा दिसत नाही. तरीही एका रंगाची झाक सगळ्या चित्रावर असेल, किंवा आडव्या बारीक रेषा दिसत असतील, तर तो छपाईचा दोष आहे. फोटो पाठवून बदलून मागा. त्यासाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हाताशी असलेला बरा.

नळीतून आलेला प्रिंट गुंडाळी सोडत नसेल तर उलटा वळवून सरळ करायला जाऊ नका, शाईला भेगा पडतात. स्वच्छ कागदाच्या दोन थरांमध्ये ठेवून वर जाडजूड पुस्तकं ठेवा, दोन-तीन दिवसांत बसतो. आणि हात कोरडे हवेत. मॅट काळ्यावर उमटलेला बोटाचा ठसा पुसायला गेलात की आणखी पसरतो.