माळ्यावरच्या पलटणी बंदुकीची ओळख आणि तिचे मोल

सातारा तालुक्यातील अपशिंगे मिलिटरी या गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि पिढ्यानपिढ्या पलटणीत गेलेली घरे या जिल्ह्यात ठायी ठायी आहेत. अशा एखाद्या घरात दसऱ्याला पाटावर जुनी बंदूक मांडली जाते आणि ‘पणजोबांनी लढाईवरून आणलेली’ अशी तिची ओळख करून दिली जाते. या कथेवर लगेच विश्वास ठेवू नये. सैनिकाची रायफल सरकारी मालमत्ता असे आणि ती कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा करूनच तो घरी येई. त्यामुळे घरातील बंदूक बहुधा पुढे परवान्यावर विकत घेतलेली, किंवा औंध-फलटणसारख्या संस्थानांच्या शस्त्रागारातून बाहेर पडलेली असते.

ती हातात घेताना भरलेलीच आहे असे समजावे. ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. लाकडी काठी तोंडातून नळीत सोडून ती किती खोल जाते हे बाहेरून मोजावे. घोड्याजवळच्या टोकापासून ती बरीच अलीकडे अडली, तर बंदूक तशीच ठेवून परवानाधारक कारागिराला बोलवावे.

त्यानंतर बंदुकीवर उमटवलेले ठसे, म्हणजे चिन्हे आणि अक्षरे, वाचावेत. ते तेल-कुंकवाच्या थराखाली दडलेले असतात, म्हणून मऊ कापडाने हलकेच पुसावे. पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नये, कारण चकाकी आणण्याच्या नादात बंदुकीचा पुरावाच घासला जातो. तोंडातून भरण्याच्या बंदुकीच्या कळपट्टीवर (घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर) हृदयाच्या आकाराचे चिन्ह किंवा मुकुट धरलेला सिंह दिसला, तर ती ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील असण्याचा संभव आहे. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड नळी लाकडाला बांधणाऱ्या तीन कड्यांवरून ओळखू येते. १८५७ नंतर हिंदी पलटणींना दिलेल्या तशाच दिसणाऱ्या बंदुकांच्या नळ्यांत मात्र पेच (आतून वळत जाणाऱ्या खाचा) नसत, म्हणून नळीत डोकावून पाहणे आवश्यक आहे. मागच्या बाजूला कडेला उघडणारी झडप असेल तर ती स्नायडर. खालची तरफ ओढल्यावर उघडणारी आणि बाहेर घोडा नसलेली, १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री. बोल्ट आणि दहा काडतुसांचे मॅगझिन असलेली ली-एनफिल्ड असेल, तर दस्त्याच्या मानेशी असलेल्या लोखंडी कड्याची उजवी बाजू पाहावी. तेथे मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना आणि वर्ष कोरलेले असते. ‘जी. आर. आय.’ (राजा जॉर्ज यांची आद्याक्षरे) आणि ‘ईशापूर’ ही अक्षरे असतील तर ती बंगालमध्ये बनलेली, ‘आर. एफ. आय.’ (रायफल फॅक्टरी ईशापूर) असेल तर स्वातंत्र्यानंतरची. साठच्या दशकातील ईशापूर रायफल .३०३ इंच बोअरची (नळीच्या आतील व्यासाची) नसून ७.६२ मिमीची असू शकते, आणि तिचे चौकोनी, बारा काडतुसांचे मॅगझिन हीच तिची खूण. वायव्य सरहद्दीवर हातांनी घडवलेल्या नकलाही फिरतात. त्यांच्यावरील अक्षरे वाकडी, तर कधी चक्क उलटी कोरलेली असतात.

मोल ठरते ते मूळपणावर. बोल्ट आणि बॉडी यांचे क्रमांक जुळत असतील, लाकूड कापलेले नसेल, संगीन आणि गज (नळीत घालायची सळई) सोबत असतील, तर बंदूक गंजलेली असली तरी ती नव्याने रंगवलेल्या बंदुकीपेक्षा मोलाची ठरते. ‘डी. पी.’ असा ठसा असलेली रायफल फक्त कवायतीची असते, ती झाडण्यायोग्य मानू नये.

रुपयांतील किंमत शेवटी कागदांवर अवलंबून असते. .३०३ बोअर आपल्याकडे प्रतिबंधित मानले जाते, आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधील जुन्या शस्त्रांची सवलत केवळ दुरुस्तीनेही झाडता न येणाऱ्या शस्त्रांना आहे. नुसते वय पुरेसे नाही. आजोबांच्या नावचा परवाना त्यांच्याबरोबर संपतो, तेव्हा वारसाने विलंब न लावता शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. तज्ज्ञाला दाखवण्यासाठी बंदूक पोत्यात घालून बाजारात नेऊ नये. ठशांची स्पष्ट छायाचित्रे न्यावीत आणि त्याचे मत लेखी घ्यावे. परदेशी गिऱ्हाईक कितीही भाव सांगो, शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.