मालाच्या साखळीत वेठबिगारी शिरू नये म्हणून: किरकोळ विक्रेत्यांनी काय तपासायचं

कामगाराला पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. ‘ही नोकरी मिळवायला किती पैसे द्यावे लागले, कुणाला दिले, आणि ते आणले कुठून?’ हे विचारा. आजची गुलामगिरी बहुतेक वेळा कर्जाच्या वाटेने येते. दलालाला द्यायला पैसे व्याजाने काढलेले असतात. ते फिटेपर्यंत माणूस काम सोडू शकत नाही, आणि हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं.

सक्तीच्या मजुरीची व्याख्या १९३० सालच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारातली आहे: कसल्याही शिक्षेचा धाक घालून, माणसाच्या खुशीविना करून घेतलेलं काम. मारहाण व्हायलाच हवी असं नाही. अडवून ठेवलेला पगार, काढून घेतलेला पासपोर्ट, ‘पोलिसांना कळवू’ ही धमकी, हे सगळं त्यात बसतं. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं अशा कामात अडकलेली होती, आणि त्यातली बरीच मोठी संख्या खासगी धंद्यांत होती.

आधी स्वतःच्या छताखाली

दूरच्या कारखान्यांआधी स्वतःची दुकानं आणि गोदामं बघा. धोका असतो तो तुमच्या पटावर नसलेल्या माणसांना: रात्री सफाई करणारे, सुरक्षारक्षक, गोदामातले हमाल, पार्किंगमध्ये गाड्या धुणारे, दुकानाचं नूतनीकरण करणारे, गणवेश धुणाऱ्या लॉन्ड्रीतले. यातलं काहीच विकायचा माल नाही, म्हणून खरेदी विभागाच्या यादीत ते येतही नाही. ती यादी आजच करा.

मग प्रत्येक ठेक्याचा दर उलटा मोडून बघा. समजा तासाची किमान मजुरी १०० एकक आहे. भरपगारी रजा आणि कायद्याने भरावी लागणारी वर्गणी (भविष्य निर्वाह निधी वगैरे) मिळून २०, साहित्य आणि देखरेख १०. म्हणजे १३० च्या खाली कायदेशीर काम होऊच शकत नाही. एखाद्याने ११५ ची निविदा भरली असेल, तर कमी पडणारे १५ कुणाच्या तरी मजुरीतून निघणार आहेत. अशी निविदा स्वस्त म्हणून स्वीकारली, तर पुढे कितीही तपासण्या केल्या तरी उपयोग नाही. ठेक्यात लिहून घ्या की लेखी परवानगीशिवाय पोटठेका नाही, आणि परवानगी दिली तरी एकाच पातळीपर्यंत.

ठेकेदाराकडून दर महिन्याला पगाराची यादी मागवा आणि चार गोष्टी जुळवा: बँक खातं, पत्ता, फोन नंबर, तातडीचा संपर्क. चार-पाच जणांचा पगार एकाच खात्यात जात असेल, किंवा एका छोट्या घरात दहा जणांचा पत्ता असेल, तर चौकशी करा. हा पुरावा नव्हे. नवरा-बायको किंवा भावंडं एकच खातं वापरू शकतात. पण मुलाखतीला कायम ‘ओळखीचा’ माणूस सोबत येऊन तोच बोलत असेल, तर शंका बळावते.

भरतीचा पैसा

नियम साधा आहे: भरतीचा खर्च मालकाचा, कामगाराचा एक पैसाही नाही. हा नियम करारात लिहिणं सोपं आहे, अवघड आहे तो खरा आकडा शोधणं. दलाल पावती देत नाहीत, म्हणून ‘पावती दाखवा, मग परत देऊ’ ही अट घालणारा पुरवठादार परतफेड टाळतो आहे असं समजा. एकाच भागातून, एकाच काळात आलेल्या पुरेशा कामगारांशी स्वतंत्रपणे बोला, त्यांच्या आकड्यांवरून गटाची रक्कम ठरवा आणि गटातल्या सर्वांना ती द्या. व्हिसा, वैद्यकीय तपासणी, प्रवास, प्रशिक्षण हे सगळं त्यात धरा, आणि कर्जावरचं व्याजही.

हप्त्याने द्यायची असेल तर हप्ते थोडे ठेवा. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत थांबायची अट घातली, की एका बेडीच्या जागी दुसरी आली. परतफेडीनंतर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. ‘राहण्याचा खर्च’, ‘शिस्तीचा दंड’ अशा नावांनी पैसे परत कापले जातात, नाहीतर दलाल दारात उभा असतो.

पासपोर्ट ‘सुरक्षित राहावा म्हणून’ कार्यालयात ठेवलेला असतो, सोबत कामगारांच्या सह्यांची संमतिपत्रंही असतात. ती संमती मानू नका. ज्याची किल्ली कामगाराकडेच आहे आणि जो रात्री दोनलाही उघडता येतो, असा लॉकर हवा.

तुमची ऑर्डरच कारण असते तेव्हा

इथे विक्रेते सर्वांत कमी बघतात, आणि आमच्या मते सर्वांत जास्त इथेच बघायला हवं. २०,००० शर्टांची ऑर्डर आहे, एका शर्टाला २५ मिनिटं, म्हणजे ५ लाख मिनिटांचं काम. कारखान्यात २०० शिलाई कामगार, ४८० मिनिटांची पाळी, कार्यक्षमता ६० टक्के: दिवसाला ५७,६०० मिनिटं. काम संपायला जवळपास ९ दिवस लागतात. रंग उशिरा ठरवल्यामुळे तुम्ही ६ दिवसांत माल मागितला, तर ६,००० हून अधिक शर्ट कुठेतरी दुसरीकडे, किंवा रात्री जागून, शिवले जाणार. ते ‘दुसरीकडे’ तुमच्या यादीत नसतं.

म्हणून हा हिशोब ऑर्डर देण्याआधी खरेदीदाराने मांडायचा. नमुना मंजूर झाल्यावर बदल केला, तर तितकेच दिवस पुढे ढकलायचे. उशिराचा दंड लावायचा असेल, तर आधी उशीर कुणामुळे झाला ते बघायचं. खरेदीदाराचा बोनस फक्त नफ्यावर ठरत असेल तर यातलं काहीही टिकत नाही.

तपासणी कुठे फसते

आधी कळवून केलेल्या तपासणीत पढवलेली उत्तरं आणि दुसरी, स्वच्छ वही मिळते. हजेरीपट एकट्याने वाचू नका. तो फाटकावरच्या नोंदी, जेवणाच्या ताटांची संख्या, माल बाहेर गेल्याचे दाखले यांच्याशी ताडून बघा. कपड्यांच्या कारखान्यात तुटलेल्या सुयांची वेगळी वही असते, आणि ती खोटी लिहायचं बहुधा कुणाच्या ध्यानात राहत नाही. सुट्टीच्या दिवशी सुई तुटली असेल, तर त्या दिवशी मशीन चालू होतं.

मुलाखती कारखान्याबाहेर, कामगाराच्या भाषेत घ्या. दुभाषा तुमचा हवा, व्यवस्थापनाचा नको. रात्रपाळीचे, स्थलांतरित आणि गेल्या सहा महिन्यांत आलेले कामगार नक्की निवडा. तक्रारीचा नंबर पर्यवेक्षकाच्या टेबलामागे नाही, शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. वर्षभर एकही फोन आला नाही तर आनंद मानू नका. नंबरवर कुणाचा विश्वास नाही असा त्याचा अर्थ जास्त संभवतो.

कारखान्याच्याही मागे, म्हणजे सूत, कापूस, पाम तेल, मासळी यांच्यापर्यंत, कागदापेक्षा वजन खरं बोलतं. गिरणीने जितकं सूत विकलं, तितका कापूस तिने घोषित केलेल्या ठिकाणांहून घेतला होता का? नसेल तर कुठला तरी माल मिसळला आहे. मासळीत बोट महिनोन्‌महिने बंदराला न येता भर समुद्रात दुसऱ्या जहाजावर माल चढवत असेल, तर खलाशांना उतरायची वाटच नसते. बंदराच्या नोंदी मागा. जिथे सरकारच सक्तीने राबवतं, तिथे तपासणी करू नका. कामगार खरं बोलला तर शिक्षा त्यालाच होते. तिथून माल घेणं थांबवणं एवढाच उपाय उरतो.

काही सापडलं तर

पहिला फोन व्यवस्थापकाला करू नका. वह्या आणि माणसं दोन्ही रातोरात गायब होतात. जिवाला धोका असेल तर लगेच पोलीस. नसेल तर आधी त्या माणसाला विचारा की त्याला काय हवं आहे, आणि स्थानिक कामगार संघटनेची किंवा पीडितांना मदत करणाऱ्या संस्थेची साथ घ्या. नाव कुणालाही सांगू नका.

ठेका तडकाफडकी तोडू नका, कारण त्याचा पहिला फटका ज्यांना सोडवायचं आहे त्यांनाच बसतो. तारखा घालून सुधारणेची योजना करा: कागदपत्रं त्याच दिवशी परत, राहिलेला पगार आणि भरतीचा पैसा ठरलेल्या मुदतीत, घरी जायचं असेल त्याला प्रवासखर्च, राहायचं असेल त्याला कर्जमुक्त काम. पुरवठादाराने हे नाकारलं तर सूचना देऊन बाहेर पडा. सुरू असलेल्या ऑर्डरचे पैसे पूर्ण द्या आणि त्यातून कामगारांचा पगार निघाल्याचा पुरावा घ्या.