हरभऱ्याला पहिल्या पाण्यावर युरिया? आधी मूळ खणून पाहा

हरभरा महिन्याचा झाला, पहिले पाणी दिले, की पाण्यामागोमाग युरियाची गोणी फेकायची, ही खोड तापीकाठच्या बागायती पट्ट्यात फार बोकाळली आहे. आठ दिवसांत वावर गर्द हिरवे दिसते, म्हणून शेजारीही फेकतो. मग झाड माजते, लोळते, घाटे विरळ लागतात, अळीचेही फावते. खरा तोटा पुढच्या हंगामात कळतो: हरभऱ्याचा बेवड, म्हणजे मागच्या पिकाने जमिनीत सोडलेला कस, असूनही कापूस पिवळाच.

बेवड येतो तो मुळावरच्या गाठींमुळे; त्यांतले जिवाणू हवेतले नत्र धरून झाडाला देतात. आयते नत्र मिळाले की झाड गाठी पोसतच नाही. 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र असते. शिफारस एकरी 10 किलो नत्राची आहे, तीही पेरतानाच.

पेरणीची खते, एकरी: डीएपी 50 किलो आणि पोटॅश 20 किलो. डीएपीबरोबर लिंकिंगची, म्हणजे सक्तीने जोडून विकलेल्या मालाची, बादली गळ्यात मारत असतील तर सरळ सिंगल सुपर फॉस्फेट 125 किलो आणि युरिया 22 किलो घ्या. सुपरमधून गंधकही मिळते. केळीची बाग मोडून हरभरा करणार असाल तर हा 22 किलोही टाळावा असे आमचे मत. तिथे नत्र आधीच मुरलेले असते.

आता बीजप्रक्रिया, जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकवली जाते. 10 किलो बियाण्याला रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) 250 ग्रॅम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) 250 ग्रॅम. पाकिटावर ‘हरभरा’ लिहिलेले हवे, मुगाचे किंवा सोयाबीनचे चालत नाही. मुदत बघा, दुकानाच्या पत्र्याखाली तापलेले पाकीट फुकट मिळाले तरी नको. आधी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी किलोला 5 ग्रॅम चोळा, नंतर गुळाच्या थंड पाण्यात कालवलेली ही दोन्ही जिवाणू संवर्धके. बी ओलसर होण्यापुरतेच पाणी, जास्त झाले की साल सुटते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. हे बी डीएपीत मिसळून एकाच चाड्यातून सोडू नका, खताला लागून जिवाणू मरतात. बी आणि खत वेगळे सोडणारी दोन चाड्यांची पांभर वापरा.

बाकी कामे:
– पेरणी, जिरायत: ओल उडायच्या आत, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बागायत: 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर
– बियाणे एकरी: विजय वाण 26 ते 28 किलो, दिग्विजय 40 किलो
– अंतर: 30 × 10 सेंमी
– पाणी: 30–35 आणि 60–65 दिवसांनी, हलके
– घाटेअळी: एकरी 2 कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढणारे), फुलोऱ्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क
– हरभऱ्यावर हरभरा नको, मर रोग वाढतो

पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी, पहिल्या पाण्याआधी, चार-पाच ठिकाणची झाडे कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटलीत तर गाठी मातीतच राहतील. बादलीत मूळ हळूच धुवा, गाठ नखाने फोडा. आत लालसर-गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे, युरियाचे नाव काढू नका. पांढरी असेल तर अजून कामाला लागलेली नाही, आठवड्याने पुन्हा पाहा. हिरवट म्हणजे काम संपले. महिन्याच्या पिकात असे दिसले तर पाणी साचलेय का ते आधी बघा. भारी काळ्या जमिनीत साचल्या पाण्याने गाठी गुदमरतात.

गाठी कमी निघाल्या तरी जमिनीतून युरिया नको. फुलोऱ्यात 2 टक्के युरियाची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, आणि 10–15 दिवसांनी पुन्हा एकदा. दुकानदाराचे टॉनिक यापेक्षा वेगळे काही करत नाही, बिल तेवढे वेगळे.

काढणीला झाडे मुळासकट उपटू नका. दाण्याबरोबर बरेचसे नत्र वावराबाहेर जातेच. मूळ आणि पालाही गेला तर बेवड कसला? सकाळी दव असताना विळ्याने जमिनीलगत कापा, घाटे फुटत नाहीत. कुटार (मळणीचा भुसा) जनावरांना घातले तर त्याचे शेणखत त्याच वावरात आणा.