वादळात पडलेला आंबा-फणस: मृगाआधी ओंडक्यांची टोकं बंद करा

वळवाच्या वाऱ्यात आंबा आडवा झाला की कोकणात पहिल्या दोन दिवसांत फांद्या उचलल्या जातात, सरपण रचलं जातं आणि बुंधा पडला तिथेच राहतो. "एवढा जाड ओंडका गाडीवरच्या आऱ्यावर बसायचा नाही, पाऊस सरला की बघू." ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्तेनंतर मी हे वाडीवाडीत ऐकलं. पाऊस सरल्यावर बघितलं तेव्हा लाकूड निळं-काळं पडलेलं, सालीखालून भुगा गळणारा, टोकांकडून हातभर आत भेगा. दारं-खिडक्यांना पुरलं असतं ते लाकूड चुलीत गेलं.

म्हणून कापणीचं नंतर, आधी हे करा: ज्या दिवशी तुकडे पाडाल त्याच दिवशी दोन्ही टोकं बंद करा. लाकडातलं पाणी टोकांतून सर्वांत जोरात निघतं, त्यामुळे टोक आधी आकसतं आणि फाटतं. बुरशीलाही तीच उघडी वाट मिळते. घरात उरलेला ऑइल पेंट दोन हात द्या, नाहीतर डांबर फासा. फांदी छाटलेल्या जागा आणि साल निघालेले भागही सोडू नका. दुकानदार मेणाचा महागडा डबा पुढे करील. तो घेऊ नका, डांबराने काम होतं.

मग ओंडका जमिनीवरून वीतभर उचलून आडव्या वाशांवर, सावलीत ठेवा. वर झावळ्या घाला. प्लॅस्टिक गुंडाळलंत तर आत घाम धरून बुरशी झपाट्याने येते. माझ्या अंदाजाने लाकूड बिघडायच्या आधी आंब्याला पंधरवडा मिळतो, फणस जरा जास्त दम धरतो. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, बघून बघून सांगतो आहे.

आता जाडीचं. आऱ्याच्या पात्याखालून जास्तीत जास्त २६ इंच रुंद लाकूड जात असेल आणि ओंडका ३६ इंची असेल, तर लोक तो चेनसॉने मधोमध चिरतात आणि मशीनवर चढवल्यावर अडतात. अर्धुकाची सपाट बाजू अजूनही ३६ इंचच असते! चार फाका करा. प्रत्येक फाक १८ बाय १८ ची होते, सहज बसते, फळ्याही कमी वाकतात. ओंडका २९-३० इंचीच असेल तर फाका नकोत, दोन्ही बाजूंची साल-फळी चेनसॉने उतरवली की पुरे.

चिरण्याआधी दोन्ही टोकांवर ओळंब्याने गाभ्यातून उभी रेघ मारा, वरून सूत मारून त्या जोडा. रेघेवर आधी चार इंच खोल चर पूर्ण लांबीभर पाडा, मग खोली वाढवा, मागून लाकडी पाचरी ठोका. उभ्या चिरकामाला साखळीचे दात ३० ऐवजी १० अंशांवर घासून घ्या. नवं महाग पातं विकत घेण्याआधी खिळे शोधा. घराजवळच्या आंब्यात तारेचा तुकडा, दिव्याचा खिळा हमखास असतो, आणि तो महाग पात्यालाही सोडत नाही.

फळ्या निघाल्या की कीड-बुरशी लागू नये म्हणून त्याच दिवशी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवा. भारतीय मानकाप्रमाणे बोरिक ॲसिड १ भागाला बोरॅक्स साधारण दीड भाग लागतं. म्हणजे ५० लिटर पाण्यात १ किलो आणि दीड किलो. मात्रा लाकडात मुरायला फळ्या तीन-चार आठवडे एकावर एक झाकून ठेवायची रीत आहे. पावसाळी हवेत मी आठवड्यावर ठेवत नाही, आंबा काळा पडतो. हे बोरिक-बोरॅक्सचं मीठ पावसाने धुऊन जातं, त्यामुळे छपराखालीच ठेवा. ज्या बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत ती लाकूड-रक्षक म्हणून घेऊ नका.

बाकी नेहमीचं:
- आंबा आणि फणस दोन्ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. पडलेल्या झाडाचे फोटो काढा, वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून मगच हलवा. आरेवाल्याचा परवाना बघा.
- ८ फुटांचा ३६ इंची ओला ओंडका सव्वा ते दीड टन भरतो. उताराकडच्या बाजूला कोणी उभं राहू नये.
- उन्मळलेलं झाड कापताना मुळांचा गड्डा उलटून उभा राहतो. त्याच्या खड्ड्यात मुलं-गुरं नकोत.
- थप्पीत दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, सर्व एका ओळंब्यात.
- थप्पीवर वजन.

थप्पी रचण्याआधी फळ्यांच्या टोकांनाही एक हात रंग द्या. ओंडक्याची टोकं कापणीत निघून गेलेली असतात, आणि फळीची उघडी टोकं सुकताना तशीच फाटतात.