बोअर मारण्याआधी खडक ओळखा: पाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

मार्च उजाडला की गावात बोअरची गाडी येते. रात्रभर धडधड चालते आणि सकाळी रानात राखाडी पिठाचा ढीग पडलेला असतो. माझ्या चुलत्यांच्या रानात हे तीनदा झालं. तिसरं बोअर साडेपाचशे फुटांवर थांबवलं, तेव्हाही नुसता धुरळाच उडत होता. तेवढ्या पैशात त्यांच्या जुन्या विहिरीचा गाळ निघून वर बांधकामही झालं असतं. चुलते नशिबाला बोल लावत होते, पण दोष नशिबाचा नव्हता. रानाखाली काय आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं.

महाराष्ट्राचा जवळपास चार-पंचमांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यातून हे पठार झालं. या घट्ट कातळात वाळूसारखी छिद्रं नसतात. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगाळलेल्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून ‘जितकं खोल तितकं पाणी’ हा हिशेब इथे चालत नाही. खाली जावं तशा भेगा सहसा कमीच होत जातात.

खात्री करायची असेल तर उन्हाळ्यात एखाद्या न बांधलेल्या जुन्या विहिरीत डोकावून बघा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग चिरा पडलेला खडक आणि तळाशी गुळगुळीत कातळ. पाझर कुठला ते भिंतीवरची ओल आणि शेवाळ सांगतं. बहुतेक ठिकाणी ही ओल मुरूम संपून कातळ लागतो त्याच्या आसपासच असते. आता बोअरचं बघा. माती ढासळू नये म्हणून वरच्या भागात केसिंग, म्हणजे जाड पाइप, घालावंच लागतं, आणि पाण्याचा जो थर विहिरीला पाझर देतो तोच केसिंगमागे बंद होतो. मग सगळी भिस्त खालच्या एखाद्या चिरेवर.

‘पहिल्या दिवशी दोन इंच पाणी होतं, महिन्याभरात बोअर आटलं’ ही तक्रार यातूनच येते. चिरेत साठलेलं पाणी उपसून झालं आणि मागून तेवढं आलं नाही. पाणी लागल्या लागल्या मोठी मोटर टाकू नका. आधी काही तास सलग उपसा करा, पातळी किती उतरली आणि मोटर बंद केल्यावर किती वेळात पूर्ववत झाली ते मोजा, मग मोटर ठरवा. पाणी सतत गढूळ येत असेल तर केसिंग पक्क्या खडकात नीट बसलेलं नाही, हे पहिलं कारण तपासा. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोली म्हणजे ‘खोल विहीर’, आणि शेतीसाठी ती घ्यायला मनाई आहे. साडेपाचशे फूट म्हणजे साधारण १६८ मीटर झाले.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाहुण्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. जळगावात तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत, तिथे खोल जाऊन पाणी लागतं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात पाणी लागलं तरी ते खारट असतं, तिथे पावसाचं पाणी वरच साठवणं शहाणपणाचं. गडचिरोलीचा खडक तर आणखी वेगळा.

पावसाचंही तेच. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईत आलं की तो हजाराच्या आत येतो. माण-खटावकडे जावं तसा तो आणखी कमी होतो. ‘सातारा जिल्ह्यात भरपूर पाऊस झाला’ या बातमीवर माणमधल्या दहिवडीच्या शेतकऱ्याने पेरणी ठरवू नये, एवढं कळकळीने सांगतो.

धरणाच्या टक्केवारीत तर शिकलेली माणसंही फसतात. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी न वापरता तळाशी राहणारं पाणी आहे. टक्के मोजले जातात ते उरलेल्या सुमारे ५४ टीएमसीवर. त्यामुळे ‘उजनी शून्यावर’ म्हणजे धरण कोरडं नव्हे, आणि उणे टक्के म्हणजे मृत साठ्यात हात घातला आहे. जायकवाडीत एकूण साठा १०२ टीएमसीच्या आसपास आणि मृत साठा सुमारे २६, म्हणून दोन्ही धरणांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. शिवाय उजनी भरते ती भीमाशंकर-मावळ-मुळशीकडच्या पावसाने आणि जायकवाडी नाशिक-नगरकडच्या. धरण तुडुंब असताना सोलापूर जिल्ह्यातल्या विहिरी कोरड्या असू शकतात, कारण विहिरीला पाणी देतो तो आपल्या शिवारात मुरलेला पाऊस.

शेततळ्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. खाली प्लास्टिक अंथरून ते बोअरच्या पाण्याने भरलं की जमिनीतलं पाणी काढून उन्हात ठेवल्यासारखं होतं. प्लास्टिकमुळे थेंब मुरत नाही आणि वैशाखात वाफ होऊन पातळी डोळ्यांदेखत उतरते. शेततळं भरायचं ते पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या पाण्याने. १ हेक्टरवर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० लाख लिटर पाणी पडतं. बरंचसं मुरतं, उडतं, पण बांधावरून जाणारा ओहोळ अडवता येतोच.

बोअरचं पुनर्भरण करताना, म्हणजे पावसाचं पाणी परत जमिनीत मुरवताना, तो ओहोळ सरळ पाइपात सोडू नका. मातीने चिरा बुजतात आणि फवारणीचं औषधही खाली जातं. भोवती खड्डा घेऊन मोठे दगड, खडी आणि वर वाळू असे थर भरा, आणि वरची वाळू दरवर्षी धुऊन काढा.

मोजमापासाठी यंत्र लागत नाही. सुताच्या दोरीला दगड बांधा, दर हातावर गाठ मारा आणि विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतच्या गाठी मोजून वहीत लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत घेते, तेच महिने आपणही धरावेत. सकाळी मोटर चालू करण्याआधी मोजा. ऑक्टोबरचं पाणी गेल्या वर्षीपेक्षा चार गाठी खाली दिसलं, तर उन्हाळी भुईमुगाचं क्षेत्र तेव्हाच कमी करा.